भिंतीपलीकडे कोण आहे?



गेल्या पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर विहारात नेहमीप्रमाणे प्रश्नोत्तरे चालली होती. कुणी परित्राणपाठाविषयी विचारले, कुणी मुलीच्या लग्नात मुहूर्त पाहिला नाही म्हणून रुसलेल्या नातेवाइकांविषयी. शेवटी मागच्या रांगेतील एक तरुण उभा राहिला. तो भाजीची हातगाडी लावतो. गेल्या अशोक विजयादशमीला त्याने पत्नीसह धम्मदीक्षा घेतली. तो म्हणाला, "गुरुजी, मी गाडीवर पातळ पिशव्या ठेवतो. त्यांना बंदी आहे हे मला ठाऊक आहे. पण पिशवी नाही म्हटले की गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जाते. पकडलो गेलो तर दंड मला. पिशवी मागणारे तोवर घरी पोहोचलेले असते आणि पिशवी बनवणारा कारखान्यात बसलेला असतो. मग यात दोष कुणाचा? आणि यात पंचशीलापैकी कोणते शील मोडते? मी चोरी करीत नाही, खोटे बोलत नाही, कुणाचा जीव घेत नाही."

मी त्याला घाईचे उत्तर दिले. "कायदा आहे, तो पाळावा," असे म्हणून मोकळा झालो. तो खाली बसला, परंतु त्याचे समाधान झालेले नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. कायदा पाळावा हे पोलीसही सांगतो, त्यासाठी विहारात येण्याची गरज नाही. त्या तरुणाचा प्रश्न तुम्हा सर्वांच्या घरातला आहे, म्हणून तो आता सावकाशीने तुमच्यासमोर मांडतो.

आधी कायद्याची हकीकत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडाले. भरती होती, गटारे इंग्रजांच्या काळातील होती, मिठी नदीच्या पात्रात भराव घालून ती आवळून टाकलेली होती. एकट्या पिशवीवर सारा दोष टाकणे बरोबर होणार नाही. परंतु जेथे जेथे पाणी अडले तेथे गटाराच्या तोंडाशी पिशव्यांचा लगदा होता, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पुढच्याच वर्षी, २००६ साली, राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीला मनाई केली. आपल्या शेजारच्या बांगलादेशाने हेच पाऊल २००२ साली उचलले होते. तेथेही १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत गटारे पिशव्यांनी तुंबल्याचा अनुभव होता. त्यानंतर २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने मोठी अधिसूचना काढली. बंदवाली असो की बिनबंदाची, जाड असो की पातळ, सामान न्यायची प्लास्टिकची पिशवीच तिने बंद केली. २३ जून २०१८ पासून दंड सुरू झाला : पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिन्यांची कैद. दुधाची पिशवी त्यातून वगळली, मात्र ती परत घेऊन निदान ५० पैसे द्यावेत आणि तसे पिशवीवर छापावे असे ठरले. (दुधाची रिकामी पिशवी परत करून पन्नास पैसे आणल्याचे आमच्या घरी तरी कुणाला आठवत नाही.) पुढे केंद्र सरकारनेही एकदाच वापरून फेकायच्या कित्येक वस्तू १ जुलै २०२२ पासून देशभर बंद केल्या.

या मायक्रॉनचा अर्थ समजून घ्या, कारण त्यात एक माणूस दडलेला आहे. मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग. पातळ पिशवीवरच कायद्याचा रोष का? कारण अशी पिशवी भरते दोन-अडीच ग्रॅम. एक किलो व्हायला अशा चारशे पिशव्या वेचाव्या लागतात. त्याही ओल्या, खरकट्या, मातीने माखलेल्या. भंगारवाला त्या घेत नाही आणि घेतल्या तरी त्यात दिवसाची भाकरी सुटत नाही. म्हणून कचरा वेचणारी बाई बाटली उचलते, पुठ्ठा उचलते, पत्रा उचलते आणि ही पिशवी तेवढी सोडून जाते. मग ती उडते, नाल्यात जाते, गाईच्या पोटात जाते. जाड पिशवीला भंगारात मोल येते, तिला उचलणारा हात मिळतो. कायद्याचे गणित त्या वेचणाऱ्या हातावर मांडलेले आहे, परंतु त्या हाताविषयी कुठे फारसे बोलले जात नाही. तो हात कुणाचा, याकडे मी पुढे येतोच.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. पिशवी देणे किंवा टाकणे हे पाप आहे काय? जुन्या घरात असतो तर उत्तर सोपे होते. पाप असेल तर एखादे स्नान, एखादे दान, एखादी पूजा करून ते धुऊन टाकता आले असते. आपण ती सोय सोडून आलो. आपल्याकडे कर्म म्हणजे चेतना, म्हणजे हेतूपूर्वक केलेली कृती, असे भगवंतांनी सांगितले आहे. आणि येथेच त्या तरुणाची बाजू बळकट होते. तो म्हणेल, माझा हेतू भाजी विकण्याचा. गिऱ्हाईक म्हणेल, माझा हेतू भाजी नेण्याचा. गटार तुंबावे असा हेतू कुणाचाच नव्हता. हेतू नाही, तर दोष कोठून आला?

हा युक्तिवाद ऐकायला फार नीटस वाटतो. मलाही बरीच वर्षे तो पुरेसा वाटत असे. परंतु विनयात भिक्खुनींसाठी एक लहानसा नियम आहे. त्याने या युक्तिवादाचा पाया काढून घेतला.

श्रावस्तीच्या एका भिक्खुनीने मळाचे भांडे भिंतीवरून पलीकडे रिते केले. पलीकडून राजदरबारी निघालेला एक ब्राह्मण चालला होता. ते सारे त्याच्या डोक्यावर पडले. (ब्राह्मण होता म्हणून बोभाटा झाला, असे तुमच्यातील एखादा मिस्कीलपणे म्हणेल. म्हणू द्या.) गोष्ट भगवंतांच्या कानावर गेली आणि नियम झाला : कोणत्याही भिक्खुनीने मळ, मूत्र, केरकचरा वा उष्टे अन्न भिंतीपलीकडे किंवा कुंपणापलीकडे टाकू नये आणि दुसऱ्याकडूनही टाकवू नये. टाकल्यास तो दोष होय, आणि तो कबूल करावा लागतो.

या नियमात पाहण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. भिक्खुनीला कुणी विचारले नाही की, बाई, त्या माणसाला भिजवण्याचा तुझा हेतू होता काय? तसा हेतू नव्हता हे उघडच होते. आणि दुसरे, दोष कोणत्या परिस्थितीत लागत नाही हे सांगताना विनय म्हणतो की, पाहून टाकले तर दोष नाही. म्हणजे चूक टाकण्यात नव्हती. घरात घाण होणारच आणि ती बाहेर टाकावी लागणारच, भिक्खुनींच्या विहारातसुद्धा. चूक होती न पाहता टाकण्यात. पलीकडे कुणी असेल हा विचारच मनात न येणे, ही ती चूक. एकदा दिसले, सांगितले गेले, कळले, आणि तरीही पाहायचे नाही असे ठरवले, की मग तेथे चेतना आलीच. आपल्या परंपरेत याला प्रमाद म्हणतात. अजाणता झालेली चूक आणि जाणूनबुजून पाळलेला अजाणपणा यांत फरक आहे.

तेव्हा आता भिंतीपलीकडे पाहू. तेथे कोण आहे?

सर्वांत जवळ आहे ती कचरा वेचणारी स्त्री. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासद बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य दलित समाजातील आहेत. आपण आपल्या समाजातील किती मुले डॉक्टर झाली, किती अधिकारी झाली याचा हिशेब अभिमानाने ठेवतो आणि तो ठेवायलाच हवा. पण सकाळी सहा वाजता पाठीवर पोते घेऊन उकिरड्यावर वाकलेली बाई कोणत्या वस्तीतून येते, हाही हिशेब आपलाच आहे.

तिच्यापलीकडे गटारात उतरणारा माणूस आहे. मानवी मैला वाहण्याच्या कामाला आणि गटारात संरक्षणाशिवाय माणूस उतरवण्याला २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली यावरूनच समजा की मरणे थांबलेले नाही. गटार तुंबण्याची कारणे अनेक. राडारोडा असतो, चिंध्या असतात, गाळ असतो. त्या सगळ्याला धरून ठेवणारी, न कुजणारी, पाण्याबरोबर न वाहणारी वस्तू म्हणजे पिशवी. गटार तुंबले की घरातले लोक नाक दाबून नगरपालिकेला कळवतात. पुढे कोण येतो, त्याची जात काय असते, हे तुम्हाला माझ्याकडून ऐकण्याची गरज नाही.

आणि तेथेच गाय उभी आहे. लोक उरलेली पोळी पिशवीत घालून, गाठ मारून उकिरड्यावर ठेवतात आणि गाईच्या मुखी अन्न गेले म्हणून समाधान मानतात. गाईला गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते. पिशवी तिच्या पोटात पचत नाही आणि पुढेही सरकत नाही. वर्षानुवर्षे गोळा साचत जातो, आणि जनावरांच्या डॉक्टरांना एकेका गाईच्या पोटातून कित्येक किलो प्लास्टिक काढावे लागते. ती मेली की तिला ओढून नेण्याचे काम पूर्वी कुणाच्या गळ्यात होते हे आपल्या आजोबांना विचारा. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा म्हणून कळकळीने सांगितले होते.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आनंद होत नाही.

माझी आई नगरपालिकेत झाडूवाली होती. मी शिकलो, शिक्षक झालो आणि वस्ती सोडून कॉलनीत राहायला गेलो. तेथे एके दिवशी घरात काचेचा पेला फुटला. मी तुकडे गोळा केले, उरलेल्या भाताबरोबर काळ्या पिशवीत घातले, दोन गाठी मारल्या आणि कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकून शाळेला गेलो. दोन दिवसांनी त्या कुंडीशी नेहमी येणारी बाई डाव्या हाताला चिंधी गुंडाळून काम करताना दिसली. ती शेजारणीला सांगत होती, पिशवीत हात घातला तर आत काच होती, कुठल्या घरची होती कुणास ठाऊक. मी सायकलला कुलूप लावत होतो. मी ऐकले आणि काही न बोलता घरात गेलो. लहानपणी आई संध्याकाळी कामावरून यायची तेव्हा तिच्याही बोटांना अशाच चिंध्या असायच्या. त्या कुणाच्या घरच्या काचेने, हे मी तेव्हा रागाने विचारीत असे. त्या कॉलनीत मी कोणत्या बाजूला जाऊन उभा राहिलो होतो, ते मला त्या दिवशी कळले.

भिंत ही नुसती विटांची नसते. टाकणारा एक आणि उचलणारा दुसरा, आणि दुसऱ्याचा जन्मच त्यासाठी, ही आपल्या देशातील जुनी भिंत आहे. आपण दीक्षा घेतली तेव्हा ती नाकारली. परंतु ज्या सहजतेने आपण पिशवीला गाठ मारतो आणि भिरकावतो, त्या सहजतेत कुणीतरी खालचा उचलील हे गृहीत धरलेले असते. दीक्षा घेतलेला हातही हे गृहीत धरू शकतो. माझ्या हाताने धरले होते.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, एका पिशवीने काय होते? मी नाही घेतली म्हणून नाला वाहता होणार आहे काय? नाही होणार. हे प्रामाणिकपणे मान्य करतो. आणि पिशवी फेकणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, म्हणून नाला तुंबतो. पण माझ्या उत्तराचा भर नाल्यावर नाही. काचेच्या पिशवीने शहर बुडाले नव्हते, एका बाईचा हात कापला होता. तेवढे पुरे आहे.

तर मग दोष कुणाचा? त्या तरुणाला मी आज असे सांगेन. बाबा, सगळ्यांत कमी तुझा. कायद्याचा हात मात्र सगळ्यांत आधी तुझ्यापर्यंत पोहोचतो, कारण तू रस्त्यावर आहेस आणि तुझी गाडी ढकलून नेता येते. ज्याच्या गाडीवर दोन हजारांचा माल, त्याला पाच हजारांचा दंड, हा न्याय मला पटलेला नाही आणि तो बदलावा असे मी उघड म्हणतो. बंदी घालायची तर ती यंत्राशी घालावी, जेथे पिशव्यांचे गठ्ठे बाहेर पडतात. गाडीवाल्यापाशी पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. पण म्हणून बंदीच चुकीची, हे काही दुकानदार म्हणतात ते खरे नाही. बंदी नसती तर पिशवी नाकारणारा एकटा मूर्ख ठरला असता. बंदीमुळे निदान त्याला 'नाही' म्हणायला आधार मिळतो.

खरा भार मी गिऱ्हाइकावर ठेवतो, म्हणजे वाचकहो, तुमच्यावर आणि माझ्यावर. पिशवी गाडीवाल्याची गरज नाही. आपण रिकाम्या हाताने बाजारात जातो, ही तिची खरी जननी. येथे कायदा आपल्यासाठी फार काही करू शकत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कौन्सिलात मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. कागदावर सारे झाले होते. तरी २० मार्च १९२७ ला माणसे चालत जाऊन ओंजळीने पाणी प्यायली, तोपर्यंत तळे बंदच होते. पाण्याच्या हक्काची आणि पिशवीची बरोबरी मी करीत नाही, तसे करणे हा त्या सत्याग्रहींचा अपमान होईल. मी एवढेच दाखवतो की ठराव आणि पाऊल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक सावधगिरी. बाजारात रंगीत, कापडासारखी दिसणारी पिशवी मिळते. तिचा एक धागा जाळून पाहा. सुती कापडासारखी राख होत नाही, वितळून थेंब होतो. तेही प्लास्टिकच आहे, नुसते दाबून कापडासारखे केलेले. आणि नवी कापडी पिशवी विकत घेऊन फार पुण्य केले असेही समजू नका. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली हिशेब मांडला, त्यात सुती पिशवी निदान ५२ वेळा वापरली तर कुठे हवामानापुरती ती प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते असे निघाले. कापूस पिकवायला पाणी लागते, खत लागते, फवारणी लागते. हे विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना डेन्मार्कने सांगायला नको. तेव्हा दुकानोदुकानी फुकट मिळणाऱ्या कापडी पिशव्यांचा घरात ढीग लावणे हीही उधळपट्टीच होय.

मग काय वापरावे? उदयन राजाने आनंदाला विचारलेली गोष्ट तुम्ही ऐकली असेल. राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे चीवरे दान दिली. राजाला वाटले, हा श्रमण कपड्याचे दुकान घालणार की काय! त्याने विचारले, एवढ्या चीवरांचे काय करणार? ज्यांची फाटली आहेत त्या भिक्खूंना वाटू. मग जुनी झालेली? त्यांचे पलंगपोस करू. जुने पलंगपोस? त्यांच्या गादीच्या खोळी. जुन्या खोळी? जमिनीवर अंथरू. ती अंथरुणे? त्यांची पायपुसणी. जुनी पायपुसणी? झटकणी. आणि झटकणी झिजली म्हणजे? ती कुटून, मातीत मळून, जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे दिली. ही गोष्ट ऐकताना आमच्या विहारातील म्हाताऱ्या बाया गालात हसतात. लुगड्याची गोधडी, गोधडीचे फडके, फडक्याचे पोतेरे हे त्यांना कुणी शिकवावे लागले नव्हते. दारिद्र्याने शिकवले होते. त्या दारिद्र्याची थोरवी मी गाणार नाही. परंतु पैसा आल्याबरोबर ते शहाणपणही दारिद्र्याबरोबर उकिरड्यावर टाकलेच पाहिजे असे कुठे आहे?

माझ्या पत्नीने आईच्या दोन जुन्या लुगड्यांच्या सात पिशव्या शिवल्या. एक नेहमी सायकलच्या हँडलला असते. काच फुटली तर ती आता कागदात गुंडाळून वेगळी ठेवतो आणि घंटागाडीवरच्या बाईच्या हातात सांगून देतो. पहिल्या दिवशी ती आश्चर्याने माझ्याकडे पाहत राहिली. नंतर तिनेच विचारले, "गुरुजी, लागले तर नाही ना तुम्हाला?"

परवा त्या तरुणाच्या गाडीवर गेलो. पिशव्यांचा गठ्ठा अजून गोणपाटाखाली होता, त्याने तो लपवलाही नाही. मी लुगड्याची पिशवी पुढे केली. त्याने वांगी घातली, वर ओली कोथिंबीर ठेवली आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही म्हणालात तसे मी आता आधी विचारतो, पिशवी आणली का? दहांतले तीन जण आणतात. सात जण अजून हात हलवत येतात."

त्या सातांपैकी तिघांची घरे मला ठाऊक आहेत. पौर्णिमेला ते विहारात पुढच्या रांगेत बसतात.